साहेबाला दिलेला हात

आमचे हे शेंगांचे व्यापारी. सोलापूरच्या बाजारात आडत, टेंभुर्णीकडच्या गाड्या आमच्याच दारात उतरायच्या. भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली बोटं धरायची आणि शेवटी हात दाबला की सौदा पक्का. मग भाव चढो की पडो, माघार नाही. या एका गुणावर लोकांनी त्यांना कौन्सिलात निवडून दिलं. मला मात्र तेव्हापासून भीतीच वाटू लागली. दुकानात बसणाऱ्यानं दुकानातच बसावं, अशी माझी समजूत.

शहरात गोऱ्यांचं लष्कर फिरलं त्या साली माझ्या धाकट्या भावाला गिरणीच्या दारातून धरून नेलं होतं. खटला नाही, सुनावणी नाही. त्याची बायको आमच्याकडेच राहायची. अशा माणसांना आणखी कोंडून ठेवता यावं म्हणून सरकारनं पुण्याला भरलेल्या कौन्सिलात बिल आणलं. ते पडलं तर भाऊ सुटणार होता.

मतासाठी पुण्याला निघायच्या आधी कलेक्टरसाहेबानं यांना चहाला बोलावलं. परतले ते घामानं भिजून.

"साहेब म्हणला, तुमी आमच्या बाजूनं हाय न्हवं? आन् हात म्होरं केला. मी सवयीनं दाबला."

"अवो, ते सगळ्यांचाच हात हलवतात. त्यांना आपली रीत काय ठावं?"

"त्याला नसंल. मला हाय की."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथं तर हात देऊनच झालं. ते पुण्याला होते तोवर दारात सायकलची घंटा वाजली तरी तार आली समजून मी उंबऱ्यापर्यंत धावायची. भावजय देवापुढं बसून असायची. तिला मी त्या चहाचं काहीच सांगितलं नव्हतं. सांगणार कशी?

ते आले आणि पाय धुवायला मोरीशी गेले. पाणी ओतता ओतता मी तोंडाकडं पाहिलं.

"साहेबाच्याच बाजूनं उभा ऱ्हायलो," ते हळू म्हणाले. "बिल पास झालं."

तेवढ्यात भावजय पदर सावरत बाहेर आली.

"दाजी, आता सुटत्याल न्हवं?"

भर बाजारात कुणापुढं मान खाली न घालणारा माणूस, पण तिच्याकडं बघायला भ्याला. ओले पाय तसेच ठेवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तांब्या खाली ठेवला आणि मीच तिला सांगितलं.