चांदरीने खाल्लेला खांब

“सर, फक्त सही हवी आहे. बाकी सगळं फायनल आहे,” अभिजित म्हणाला आणि कचोरीचा डबा माझ्या खाटेवर, सावलीत ठेवला. “हा मात्र तुमच्यासाठी नाही हां. सासूबाईंनी शेगावची कचोरी मागितली आहे. गाडीत तापतो म्हणून आणला.”

शेगावला दर्शन, मग खामगावमार्गे जानेफळ, माझ्या अंगणात सही आणि परत, असा त्याचा एका सुटीतला बेत होता. मुलगा पुण्याचा, हुशार. कधीकाळी माझ्या हाताखाली ट्रेनी होता, आता वणीकडच्या एका कोळसा खाणीचा प्रोजेक्ट हेड. मी तीस वर्षं खाणींचे प्लॅन केले आणि रिटायर होऊन गावी आलो. पण प्लॅनवर माझी सही अजून चालते, म्हणून साहेब लोक देवदर्शनाच्या वाटेवर मलाही गाठतात.

प्लॅन हायवॉल मायनिंगचा होता. उघड्या खाणीतून कोळसा काढत गेलं की शेवटी एक उंच, सरळ भिंत उरते. ती हायवॉल. कोळशाचा थर तिच्या पोटात पुढे गेलेला असतो, पण वरून खोदणं परवडत नाही, किंवा वर कोणीतरी राहत असतं. मग एक लांबलचक मशीन खालून भिंतीत आडवी भोकं पाडून कोळसा बाहेर ओढतं. माणूस आत जात नाही. दोन भोकांच्या मध्ये कोळशाचाच पातळ खांब सोडायचा, म्हणजे वरची जमीन जागेवर राहते. आणि दर काही भोकांनंतर एक जाड खांब. त्याला आम्ही बॅरियर म्हणतो. एखादा पातळ खांब बसलाच, तर पडझड बॅरियरपाशी थांबते.

अभिजितच्या प्लॅनमध्ये बॅरियर गायब होते.

“रिकव्हरी वाढते, सर,” तो म्हणाला. “शक्य तेवढा कोळसा काढा, हाही नियमच आहे. आत सोडलेला कोळसा कायमचा गेला, हे तुम्हीच शिकवलंत.”

शिकवलं होतं खरं. भोकं एकदा बुजवली की पुन्हा तिथं कोणी जाऊ शकत नाही. कोळसा सोडताना माझ्याही जिवावर येतं. पण त्या भिंतीच्या माथ्यावर बारा घरांची वस्ती आहे. सर्व्हेच्या वेळी भर उन्हाळ्यात मी तिथल्या हापशीचं पाणी प्यायलो. एक बाई भरायला लावलेली कळशी बाजूला करायची आणि आधी मला पिऊ द्यायची. या प्लॅनमध्ये तिचं घर म्हणजे एक ठिपका. मला राग आला. राग आला की मी फार गोड बोलतो.

“बॅरियर नसले तरी चालतं म्हणतोस?”

“सॉफ्टवेअरमध्ये चालतं, सर. प्रत्येक खांब पुरेसा जाड आहे.”

“मग इथं चालवून दाखव.”

आमच्या गोठ्यामागे सोयाबीनच्या कुटाराचा ढीग होता. मळणीनंतर उरलेला भुसा, गुरांचं खाणं. पावसापाण्याने तो दबून घट्ट बसला होता आणि रोज एकाच बाजूने काढून त्या बाजूला छातीएवढी उभी भिंत तयार झाली होती. मी कचोरीचा डबा उचलला आणि ढिगाच्या माथ्यावर काठाशी ठेवला.

“ही वस्ती. हा विळा म्हणजे तुझं मशीन. पाड भोकं. डबा पडला नाही तर सही करतो.”

अभिजितने बाह्या सरसावल्या. माझी बायको शोभा मागच्या दारात आली.

“अहो, साहेबाले कुटार काऊन काढाले लावून राह्यले?”

“ट्रेनिंग हाय त्याचं.”

पठ्ठ्याने काम झकास केलं. हातभर खोल सात भोकं, मध्ये एकसारखे पातळ खांब. डबा जागचा हलला नाही. खोटं कशाला बोलू, माझा चेहरा पडला.

“आता सही, सर?”

“आधी जेवण.”

भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. ठेच्याने अभिजितच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढ्यात मी हात धुवायला उठलो आणि गोठ्यात जाऊन चांदरीचं दावं सोडलं. चांदरी म्हणजे आमची म्हैस. शोभाने नेमकं पाहिलं.

“म्हैस कायले सोडली?”

“कामावर लावून राह्यलो तिले.”

अभिजितचा ताकाचा पेला संपायच्या आत मागे धप्प झालं. आम्ही धावलो. चांदरीने मधला एक खांब खाल्ला होता. त्याचा भार शेजारच्यांवर गेला, ते बसले, मग त्यांचे शेजारी. सातही भोकं सपाट. डबा खाली उघडा पडला होता आणि चांदरीचं तोंड त्यात होतं.

“हे चीटिंग आहे, सर! म्हैस प्लॅनमध्ये नव्हती!”

“म्हैस कधीच प्लॅनमध्ये नसते,” मी म्हणालो. “तिथं मशीन जरा वाकडं जाऊन खांब खाईल. नाहीतर न बुजवलेल्या भोकात पाणी साचून ते खाईल. आणि माथ्यावर काय कचोऱ्या आहेत का, बे?”

थोड्या वेळाने तो स्वतःच विळा घेऊन त्याच भिंतीच्या न पडलेल्या टोकाला गेला. तीन भोकं, मध्ये एक जाड खांब, पुन्हा तीन भोकं. जाड खांबापलीकडे माथ्यावर स्वतःचा मोबाइल ठेवला आणि चांदरीला आपल्या हाताने ओढत आणलं. तिने मन लावून खाल्लं. अलीकडची तीन भोकं बसली. पलीकडची उभी राहिली, मोबाइलसकट.

बॅरियर प्लॅनमध्ये परत आले. कमी पडलेली रिकव्हरी त्याने भोकं जास्त सरळ आणि खोल नेऊन बरीचशी भरून काढली. प्रत्येक भोक बुजवायचं, हे मी माझ्या अक्षरात लिहिलं आणि सही केली.

पुढच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला.

“सर, दोन खांब बसले. बॅरियरपाशी थांबलं. मी आत्ता वस्तीतूनच बोलतोय. हापशीला पाणी आहे.”

मी खाटेवर बसलो.

“चांदरी कशी आहे?” त्याने विचारलं.

“मजेत हाय. तुझी वाट पाहून राह्यली.”

दिवाळीनंतर तो आला, दोन डबे घेऊन. एक त्याने सरळ चांदरीपुढे उघडला. सासूबाईंचा मात्र गाडीत तापत होता, काचा वर, कुलूप लावून.