दोन विमानं शिल्लक

"समोरचं सोड रे, मागून दाखव!"

कुठलंही मशीन दिसलं की आमच्या शेजारच्या भाऊंचं हे पहिलं वाक्य. माझ्या साडूने हौसेने भिंतभर टीव्ही घेतला तेव्हा आम्ही सगळे समोर उभे राहून वा वा करत होतो, आणि भाऊ टीव्ही आणि भिंत यांच्या फटीत डोकं खुपसून उभे. मेव्हणीने मला हळूच विचारलं, "भावोजी, यांचं काही पडलंय का मागे?"

पडलं होतं. पण ते मला फार नंतर कळलं.

भाऊ जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांना स्वस्थ पडलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेव्हा दारात मंडळी जमली होती. एरवी हा माणूस बसायचाच नाही. चहा उभ्याने, जेवण फेऱ्या मारत. "भाऊ, बसा की," म्हटलं की म्हणायचे, "बसतो रे, हे एक मशीन बघू दे." ते एक मशीन कधी संपलं नाही. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. त्यांच्याबरोबर पाच मिनिटं बोललं की आपले पाय दुखतात.

माझा धंदा लग्नाच्या डेकोरेशनचा. डोंबिवलीला मानपाड्यात गोडाऊन आहे. नवरानवरीची सोनेरी सिंहासनं, फायबरचे हत्ती, कापडी गुलाबांच्या कमानी असा सगळा राजवाडा तिथे उलटापालटा पडलेला असतो. त्यातला एक कोपरा भाऊंनी मागून घेतला, जुनी व्हिडिओ गेमची मशीनं ठेवायला. तुम्ही माझ्या वयाचे असाल तर ती मशीनं तुम्हाला सांगायला नकोत. कपाटाएवढं लाकडी खोकं, मध्ये काच, खाली एक दांडी आणि दोन बटणं, आणि त्या बटणांवर आपलं वाया गेलेलं बालपण.

तरुणपणी भाऊ डोंबिवलीत अशाच एका गेमच्या दुकानात होते. दुकान मालकाचं, राज्य भाऊंचं. त्या काळी दर शुक्रवारी सकाळी दुरुस्तीसाठी लाईट जायची, आणि लाईट गेली की मशीनमधले सगळे रेकॉर्ड पुसले जायचे. आठवडाभर दांडी पिळून मिळवलेली कीर्ती शुक्रवारी सकाळी शून्य! म्हणून भाऊंनी एक रिवाज पाडला. गुरुवारी संध्याकाळी मशीनचं मागचं दार उघडायचं आणि दाराच्या आतल्या बाजूला मार्करने सगळ्यात मोठा स्कोअर आणि खेळणाऱ्याचं नाव लिहायचं. दाराच्या फळीवर नाव लागलं की पोरगा महिनाभर कॉलर वर करून फिरायचा. हा रिवाज मग आसपासच्या दुकानांनीही उचलला.

दुकानं बंद पडली, मशीनं भंगारात गेली. उतारवयात भाऊ त्यांच्या मागे लागले. कुठे भंगारवाल्याकडे एखादं खोकं दिसलं की आधी मागचं दार. आकडा मिळाला की त्या नावाच्या माणसाचा शोध. मग फोन. "हॅलो, तुमचा गेमचा रेकॉर्ड सापडलाय." पलीकडचा माणूस आता साठीला टेकलेला, गुडघ्यांनी बेजार. तो ओरडायचा, "कसली स्कीम आहे ही? मला नकोय!" आणि अर्ध्या तासाने स्वतःच फोन करायचा, "किती स्कोअर होता म्हणालात?"

कल्याणचे एक गृहस्थ तर बायको आणि सुनेला रिक्षात घालून घेऊन आले. फळीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि सुनेला म्हणाले, "बघ. मीपण काहीतरी केलं होतं."

मला वाटायचं, हे असं माणसांना खूश करायचं वेड आहे. मग एक दिवस कळव्याच्या भंगारवाल्याकडून एक मशीन आलं. वरून किडे उतरतात आणि खालून आपलं विमान त्यांना गोळ्या घालतं, तो गेम. एका डावाला तीन विमानं, म्हणजे तीन जीव. भाऊंनी मागचं दार उघडलं. सगळ्यात वर खुद्द भाऊंचं नाव!

"अरे भाऊ! चॅम्पियन!" मी एका फायबरच्या हत्तीवर थाप मारली. "पेढे काढा!"

भाऊ जागचे हलले नाहीत. त्यांना असं थांबलेलं बघून मलाच कसंतरी झालं.

"डेकोरेशन," ते म्हणाले. मला ते याच नावाने हाक मारायचे. "हा रेकॉर्ड माझा नाय."

मग सांगितलं. एक मुलगी यायची, थोरल्या भावाचं बोट धरून. दुकानात येणारी एकुलती एक मुलगी. एका गुरुवारी ती खेळता खेळता भाऊंच्या स्कोअरच्या पुढे गेली. सगळी पोरं मशीनभोवती गोळा झाली. फळीवर आता तिचं नाव लिहावं लागणार. भाऊंनी पायाने प्लग ओढला आणि ओरडले, "लाईट गेली!"

"बावीस वर्षांचा घोडा होतो मी," भाऊ म्हणाले. "आणि ती एवढीशी."

आठ दिवसांत त्यांनी पत्ता काढला. मुलगी आता पन्नाशीची, शाळेत गणित शिकवणारी बाई, घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर. मी टेम्पो काढला. ट्रॅफिकने आम्हाला असं धरलं की सोडेना. भाऊ खाली उतरून टेम्पोच्या बाजूने चालायला लागले, पुढे गेले, परत आले, पुन्हा पुढे गेले. एका सिग्नलला तर त्यांची माझ्यावर चांगली दहा मिनिटांची आघाडी होती.

दार बाईंनीच उघडलं. भाऊ एका दमात सगळं बोलून गेले. दुकान, गुरुवार, प्लग. बाईंनी ऐकून घेतलं.

"मला माहितीये," त्या म्हणाल्या. "लाईट गेली म्हणालात, तेव्हा पंखा फिरत होता."

भाऊंचा चेहरा बघवेना. "मग बोलला का नाय तुम्ही?"

"कुणाला बोलू? दुकानभर मुलगे होते. सगळे वर मान करून पंख्याकडे बघत होते. एकानं तोंड उघडलं नाही. माझ्या दादानेसुद्धा. त्याला परत यायचं होतं ना दुकानात. मी नाही आले परत."

भाऊंनी खिशातून मार्कर काढला. "मी लिहितो आता. तुमचं नाव, वरती. तो आकडा पाठ आहे मला."

"काय लिहिणार?" बाईंचा आवाज एकदम वर्गातला झाला. "माझा गेम संपला कुठे होता? दोन विमानं शिल्लक होती माझी." मग त्यांनी विचारलं, "मशीन चालतं का?"

"पळतं!"

"मग लिहायची घाई नका करू."

पुढच्या रविवारपासून बाई मानपाड्याला यायला लागल्या. बसायला त्यांनी नवरीचं सिंहासन निवडलं. पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात तीनही विमानं गेली. बाई पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "परत."

भाऊ मात्र आत थांबायचे नाहीत. बाई दांडीला हात लावायच्या आधी ते रस्ता ओलांडून पलीकडच्या पंक्चरवाल्यापाशी जाऊन उभे. "मी मशीनपासून लांबच बरा," म्हणायचे. मला गोडाऊनच्या मीटरच्या पेटीला कुलूप लावायला लावलं आणि चावी बाईंच्या पर्समध्ये. आणि स्वतः रस्त्यापलीकडे, टायरांच्या ढिगाभोवती, गोल गोल फिरत राहायचे. मध्ये मी आतबाहेर धावणारा निरोप्या. "किती?" "साठ हजार!" "जीव किती?" "एक!" पंक्चरवाल्याला वाटायचं आम्ही कुणाला तरी हॉस्पिटलात ठेवलंय.

असे चार महिने गेले. बाईंच्या अंगठ्याला घट्टा पडला. त्या भाऊंशी फार बोलायच्या नाहीत. आल्या की मान हलवायच्या, जाताना स्कोअर सांगायच्या. माफ केलं असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, आणि भाऊंनीही एकदाही विचारलं नाही.

मग तो रविवार. बाई भाऊंच्या आकड्यापुढे गेल्या. मी आरडाओरडा करत दारात आलो, "भाऊ! गेल्या पुढे! या लवकर!"

"संपला का?"

"नाही, चालूय अजून!"

"मग नाय येणार!" भाऊ तिकडून ओरडले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले. झडती देणाऱ्या माणसासारखे. बघा, मी कशाला हात लावलेला नाही. तसेच उभे राहिले. मी पहिल्यांदा त्यांना एका जागी इतका वेळ उभं पाहिलं. हात भरून आले, तरी खाली येईनात.

ती फळी अजून माझ्या गोडाऊनमध्ये आहे. वरची ओळ बाईंच्या सुवाच्य अक्षरात. भाऊंनी त्याच मार्करने स्वतःची ओळ खोडायला घेतली होती, तर बाई म्हणाल्या, "राहू दे. दुसरा नंबर आहे तुमचा."

पण मला भाऊ आठवतात ते त्याच्या जरा आधीचे. बाई स्वतः सिंहासनावरून उठून दारात आल्या, घामाने डबडबलेल्या, आणि रस्त्यापलीकडे बघून म्हणाल्या, "संपला. आपला आपण संपला. आता या."

भाऊ निघाले. हात खाली घ्यायचं भानच नाही. भर रस्त्यात, दोन्ही हात वर, चपला फटक फटक. एका रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला आणि डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ काका! पोलीस लागलेत काय मागे?"

"लागले होते रे!" भाऊ हात वर धरूनच म्हणाले. "सुटलो आता!"