सबब सबळ कारणास्तव

देवराव गेल्याला आता दीड महिना होईल. शेवटची भेट इस्पितळात झाली. डोळे मिटूनच त्यांनी विचारले, "मुन्शी, त्या नदीच्या अर्जाचं काय झालं गा?" मी म्हणालो, "तो तर कधीचाच निकाली निघाला." त्यांनी भिंतीकडे तोंड केले. मला वाटले, दुखत असेल...

मी शहरातल्या सदर भागात एका कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज लिहितो. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु माझ्या कागदास उत्तर न देण्याचे धाडस आजवर कोणत्याही कचेरीने केलेले नाही. देवराव जवळच्या एका नदीकाठच्या गावी नगरपरिषदेच्या सांडपाणी केंद्रात होते. गावाचे घाण पाणी हौदात घ्यायचे, यंत्राने त्यात हवा सोडायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचे निवळ पाणी नदीत सोडायचे, हे त्यांचे काम. दर सोमवारी पाण्याच्या बाटल्या तपासणीसाठी शहरात पोचवल्या, की ते माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसत. पक्षकाराची सही घेण्यापूर्वी मी अर्ज त्यांच्याकडे वळवीत असे. ओठ हलवत ते वाचीत आणि म्हणत, "बराबर हाये." अर्जाची भाषा त्यांना मीच शिकवली. 'सबब सबळ कारणास्तव' हा शब्दप्रयोग माझा स्वतःचा. जिल्ह्यात दुसरा कोणी तो लिहीत नाही. "एका कारणानं भागत नाही काय, मुन्शी?" असे ते चिडवीत. मी सांगे, "दोन दिसले की साहेब घाबरते."

काही वर्षांपूर्वी त्याच गावचे, नदीच्या खालच्या अंगाचे भाजीवाले माझ्याकडे आले. केंद्रातले हवेचे यंत्र बंद पडले होते, घाण तशीच नदीत येत होती आणि त्या पाण्यावरचा पालक बाजारात कोणी हाती धरीत नव्हते. तो अर्ज देवरावांनी दोनदा वाचला. "बराबर हाये," म्हणाले, जरा हळू. महिन्याभरात उत्तर आले : 'केंद्र सुरळीत सुरू आहे. सबब सबळ कारणास्तव तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' भाजीवाल्यांनी पुढे मळे मोडले. आणि मी... लिहिताना संकोच वाटतो, मी तो कागद चार जणांना दाखवला. नगरपरिषदही आता माझी भाषा लिहू लागली, असा माझा समज झाला होता.

गेल्या आठवड्यात देवरावांच्या पत्नी, शांतावहिनी, पेन्शनचा अर्ज लिहून घेण्यास आल्या. त्यांनी आणलेल्या कागदांत त्या उत्तराचा कच्चा मसुदा निघाला. अक्षर देवरावांचे.

"साहेब म्हणे, तुह्या दोस्ताचा कागद हाये, जवाब तूच लिही," वहिनी म्हणाल्या. "नाही कसं म्हणतीन, भाऊजी? नोकरी होती ना."

नोकरी होती, हे मला मान्य आहे. परंतु त्यानंतरच्या प्रत्येक सोमवारी तो माणूस माझ्याशेजारी बसून चहा प्यायला. एखाद्या सोमवारी सांगता आले असते. मी वरच्या कचेरीत दुसरा अर्ज केला असता, त्यांचे नाव कोठेही न येऊ देता. तेवढे मला लिहिता येते.

वहिनींचा अर्ज लिहावयास घेतला. 'माझ्या पतीने प्रामाणिकपणे सेवा केली' हे अशा अर्जांतले ठरलेले वाक्य. तेथे लेखणी थांबली.

"काही अडलं काय, भाऊजी?"

"नाही," मी म्हणालो, आणि 'सलग सेवा केली' एवढेच लिहिले. वहिनी सहीसाठी पुढे सरकल्या. पण माझ्या हाताने सवयीने कागद शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे वळवला होता... आणि तो मला लगेच मागे घेता आला नाही.