घशातला र

आमच्या आष्ट्यात टीव्हीची डिश बसवणारा एक माणूस आहे, तो गिऱ्हाइकाशी कमी आणि डिशशी जास्त बोलतो. "वळ की गं जराशी," म्हणत तिला फिरवतो. माझं फ्रेंच चॅनेल दिसेनासं झालं, तेव्हा घरचे हसून म्हणाले, बरं झालं. पण फारसं कळत नसलं तरी दुपारी ते बघणं ही माझी खरी चैन! मी डिशवाल्याला बोलावलं. तो मात्र हसला नाही. भर उन्हात दोन तास गच्चीवर बसून कंपनीला फोन करत राहिला आणि चॅनेल लावूनच खाली आला.

टीव्हीवरची बाई पॅरिसला 'पारी' म्हणाली, तसा तो थबकला.

"आवं आज्जी, ही र घशातनं काढतीया. मेंढरं वळवताना आमी बी असंच करतो."

आणि त्यानं तो र काढला, हुबेहूब! सांगलीच्या कॉलेजात दोन वर्षं फ्रेंच घेऊन मी नाक वर करून मिरवले, पण माझा र कायम चूळ भरल्यासारखाच आला.

"पुन्हा काढ बघू. मला शिकायचाय."

"आत्ता? लोक काय म्हणत्याल?"

"मेंढरं आली म्हणतील. काढ!"