गेलेल्या काकांच्या खात्यातून

तापलेल्या धुळीचा वास आला की मला कसबा पेठेतली ती दुपार आठवते. घरातल्या जुन्या संगणकावर मी पेठेतल्या चाळीसेक ओळखीच्या लोकांसाठी एक छोटा सर्व्हर चालवत असे. आमचं आपलं गप्पांचं ठिकाण, बाहेरच्या तशाच सर्व्हरांशी जोडलेलं. आत यायचं तर स्वतःबद्दल दोन ओळी लिहायच्या आणि मी मंजुरी द्यायची, एवढाच नियम. खासगी निरोप मला वाचता येतात हेही सगळ्यांना सांगितलं होतं, पण लक्षात कोण ठेवतं? त्या दुपारी शेजारच्या आळीत भांडी घडवणाऱ्या तांबटांचे ठोके चालू होते, आणि मला खालच्या मजल्यावरच्या काकूंचा निरोप दिसला, चार महिन्यांपूर्वी वारलेल्या काकांच्या खात्यावर पाठवलेला: "अहो, मंडईत अंजीर आलेत. तुमच्याशिवाय घ्यावेसे वाटेनात." मला राहवलं नाही. पासवर्ड बदलून मी काकांच्या खात्यात शिरलो आणि लिहिलं, "घे गं." बाहेरचे ठोके थांबले. मग उत्तर उमटलं: "जिवंतपणी कधी एवढ्या चटकन ओ दिलीत?" मला हसू आलं. तोच खाली दुसरी ओळ आली, "मग मी कधी येऊ तिकडे?" खरं सांगायला एक जिना उतरायचा होता. मी उतरलो नाही. "अजून नको," असं लिहिलं. "बरं," त्यांनी लिहिलं, "तुम्ही म्हणाल तेव्हा." याला सहा वर्षं झाली. त्या अजूनही दर महिन्याला विचारतात, आणि नको म्हणणारा मीच असतो.