रुख्मिणीबाईंचा विटकरी दूधराज

रुख्मिणीबाई काळबांडे चौथीपर्यंतच शिकल्या, पण पानाआडची कीड त्यांना नवऱ्याच्या आधी दिसायची. नरखेडजवळ त्यांचा संत्र्याचा बगिचा आहे आणि विहिरीपाशी आंब्याचं एक झाड. यंदा मे महिन्यात त्याच्या खालच्या फांदीवर पक्ष्यांच्या एका जोडीनं वाटीएवढं घरटं बांधलं. दोघंही विटकरी, डोक्यावर काळा तुरा.

मोटर लावायला गेल्या की बाई तिथंच बांधावर टेकायच्या. चार दिवसांत त्यांना फरक कळला. एकाच्या शेपटीला वीतभर लांब दोन फिती, गळा काळाभोर. दुसरीची शेपटी आखूड, गळा राखाडी. अंड्यांवर मात्र दोघं पाळीपाळीनं बसत. फितीवाला बसला की फिती घरट्याबाहेर लोंबत.

लेक रितिका नागपूरला कॉलेजात आहे. बाईंनी फोनवर तिला सगळं सांगितलं.

"दूधराज आहे तो, आई," रितिका म्हणाली. "नर पांढरा होतो, पण त्याले दोन-तीन वर्षं लागतात. तोवर मादीसारखाच विटकरी. फितीवाला नर असंल."

"मले वाटलंच होतं."

बाईंच्या नवऱ्यानं, गणपतरावांनी, ही गोष्ट चहाच्या टपरीवर सांगितली आणि आठवड्याच्या आत नागपूरहून सौरव नावाचा तरुण मोठा कॅमेरा घेऊन हजर झाला. कॅमेरा नवा, पक्ष्यांचा नाद त्याहून नवा. त्याला पांढऱ्या नराचा फोटो हवा होता.

"काकू, समोरच्या दोन डहाळ्या छाटल्या तर चालंल ना?"

पाहुणचाराच्या भरात गणपतराव आधीच हो म्हणून बसले होते. डहाळ्या गेल्या की अंड्यांवर थेट ऊन, वर कावळ्यांची नजर. बाई लगेच पुढं झाल्या.

"पांढरा नाही दादा इथं," त्या म्हणाल्या. "दोन्ही लालच हायेत."

सौरवनं दुर्बीण लावून पाहिलं. "हो, माद्याच दिसतात दोन्ही." चहा पिऊन तो पांढऱ्या नराच्या शोधात दुसरीकडे निघून गेला.

"खोटं काहून बोलली वं?" गणपतरावांनी विचारलं.

"खोटं कुठं? पांढरा नाही म्हटलं, तो नाहीच. नर नाही असं कुठं म्हटलं?"

गणपतराव खो खो हसले.

पुढं तीन पिल्लं निघाली. मायबाप दिवसभर हवेतल्या हवेत माश्या टिपून त्यांना भरवत होते. पिल्लं घरटं सोडून उघड्या फांदीवर बसली, त्या दिवशी बाईंनी स्वतःच सौरवला फोन लावला.

"या आता. काही छाटा नाही लागत. अन् तो लांब शेपटीवाला नर हाये बरं."

सौरव हसू लागला. "फसवलं तुम्ही मले, काकू."

दुसऱ्या दिवशी तो आला आणि बांधावर बाईंच्या शेजारी तीन तास बसला. नर पिल्लाच्या चोचीत माशी देतोय, असा फोटो त्याला मिळाला. तो फोटो आता बाईंच्या मोबाइलवर आहे. गणपतरावांना मात्र कौतुक एवढंच, की कोपऱ्यात आपला पाण्याचा हौदही आला.