अपहरणाचे सिनेमे बघणारी सून

पनवेलजवळच्या गावठाणात राहणारी मनिषा घरत दुपारची भांडी आवरली की टीव्हीवर विमान-अपहरणाचे सिनेमे लावून बसायची. जुने, हिंदीत आवाज दिलेले. धावपट्टीच्या टोकाला तापत उभं असलेलं विमान, आत शे-दीडशे माणसं कोंडलेली आणि बाहेर एक जण फोन कानाला लावून बसलेला.

"लोकांच्या आया मालिका बघतात," तिची मुलगी मनस्वी म्हणायची. "आमची आई अतिरेक्यांची वाट बघते."

मनिषाला अतिरेक्यांशी देणंघेणं नव्हतं. बंदुका निघाल्या की ती भाजी निवडायला घ्यायची. तिचं लक्ष असायचं त्या फोनवाल्याकडे. त्याच्या हातात काहीच नसतं. समोरचा विमान उडवायची धमकी देतो आणि हा शांतपणे म्हणतो, वरच्यांना विचारून सांगतो. मागे साहेब लोक दार फोडा म्हणून ओरडत असतात. हा ऐकत राहतो. घरतांच्या घरात येऊन बावीस वर्षं मनिषाने दुसरं काय केलं होतं? 'ह्यांना विचारून सांगते' हे तिने दूधवाल्यापासून नणंदेपर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं. फरक इतकाच, की सिनेमात त्या कामाला पगार होता. आणि शेवटी माणसं एकेक करून शिडीवरून उतरायला लागली की तिला असं हायसं वाटायचं, जसं काही त्यातलं कुणी तिच्याच घरी यायचं होतं.

त्या बुधवारी सकाळी तिच्या सासऱ्यांनी, महादेव घरतांनी, खोलीला आतून कडी घातली. त्यांच्या हृदयाच्या दोन नळ्या जवळजवळ बंद झाल्या होत्या. दहा वाजता अँजिओप्लास्टीसाठी हॉस्पिटलात पोचायचं होतं, उशीर करू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नऊ वाजून गेले होते. सकाळच्या गोळ्या बाहेर मनिषाच्या हातात आणि म्हातारा आत.

"बाबा, उघडा नायतर फोडतो," तिच्या नवऱ्याने, हरेशने, दारावर थाप मारली.

"फोड. सही नाय करनार."

"कसली सही?" मनिषाने विचारलं.

हरेश ओशाळला. हॉस्पिटलाचा संमतीचा कागद त्याने आदल्या संध्याकाळी घरी आणला होता आणि बापापुढे पेन धरून म्हणाला होता, सही करा, बाकीचं मी बघतो. चाळीस वर्षांपूर्वी घरतांचं मिठागर सरकारने घेतलं आणि हातात एक प्लॉट उरला, तेव्हा कागद पुढे करणारा माणूस हेच बोलला होता. हरेशला ते ठाऊक नव्हतं. मनिषाला होतं, सासूबाईंनी जाईपर्यंत तिला ते कितीदा तरी सांगितलं होतं.

"सांग, ऑपरेशन रद्द झालंय," हरेश कुजबुजला. "दार उघडलं की उचलून गाडीत घालू."

"एक खोटं सापडलं की बोलनं बंद. मंग बसा दिवसभर."

"तुझे सिनेमे ठेव गं बाजूला."

"मंग तुमी बोला."

हरेश जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. मनिषा दारापाशी खालीच बसली.

"बाबा, छातीत दुखतंय?"

"नाय. मनिषा, तो कागद प्लॉटचा हाय ना?"

"हॉस्पिटलाचा हाय."

"तू वाचलास?"

हो म्हणणं किती सोपं होतं. "नाय," ती म्हणाली.

 आतून आवाज आला, "वाच. मोठ्यानं."

कागद इंग्रजीत होता. तिने उलटून पाहिला तर मागच्या बाजूला मराठीत छापलेलं. घरात कुणी पान उलटलंच नव्हतं. ती वाचायला लागली आणि चौथ्या ओळीशी अडली. हरेश पायरीवरून हाताने खुणा करत होता, ते सोड, पुढचं वाच. मनिषाने वाचलं, "उपचारादरम्यान क्वचित रुग्णाचा मृत्यू होऊ शकतो, याची मला कल्पना देण्यात आली आहे."

हरेशने कपाळाला हात लावला. आपण घालवलं सगळं, असं मनिषाला वाटलं.

"परत वाच," महादेव म्हणाले.

तिने परत वाचलं.

"मरंल आसं लिवलंय?"

"क्वचित लिवलंय, बाबा."

"पन लिवलंय."

"हां."

"मिठागराच्या कागदात सगळं गोडच लिवलेलं. नोकरी, शाळा, नळाचं पानी. वाईट एक अक्षर नव्हतं त्यात." खाट करकरली. "ह्यो कागद खरा दिसतो."

कडी निघाली.

खाटेच्या कडेला बसून त्यांनी गोळ्या घेतल्या आणि पूर्ण नावाची सही केली, सावकाश, एकेक अक्षर जपून. "काल आसंच वाचलं आसतं तर?" त्यांनी मुलाला विचारलं. हरेश गाडीची चावी शोधायला गेला. चावी त्याच्या खिशातच होती.

दुपारी दोनला डॉक्टर बाहेर आले. सगळं नीट झालं होतं. "आजोबा मजेत आहेत, भात मागतायत," ते म्हणाले. "आत नेताना मात्र त्यांनी आमच्या सिस्टरकडून आणखी दोन कागद वाचून घेतले. वीस मिनिटं गेली."

हरेश धावत जाऊन चहा घेऊन आला. माणसं दोनच, पण घाईत तीन कप आणले होते. मनिषाने चपला काढल्या, खुर्चीवर मांडी घातली आणि त्यातले दोन एकटीने प्यायली.